फोटोवरची अक्षरं दिसत नाही? ओपॅसिटी कमी करा, पण कोणत्या लेयरची ते आधी पाहा

पोळा जवळ आला की गावोगाव पोस्टर बनवणं सुरू होते. तान्हा पोळा, झडत्यांची (पोळ्यात म्हणतात त्या गमतीच्या ओळींची) स्पर्धा, पहिलं बक्षीस अमुक, सौजन्य तमुक, अन् मागून बैलजोडीचा मस्त फोटो. फोटो चांगलाच असते, प्रॉब्लेम तिथं नसतेच. त्याच्यावर अक्षरं टाकली की ती दिसत नाही, मंग पोट्टे एकच काम करतात, फोटोची ओपॅसिटी (म्हणजे तो किती ठळक दिसते ते) धरून खाली ओढतात, फोटो धुतल्यासारखा होऊन जाते, झुलीचा लाल रंग गुलाबी होते, बैल आजारी दिसते, अन् एवढं करून अक्षरं तरी बी नीट वाचता येत नाही ते येतच नाही.

ओपॅसिटी कुठून कमी होते ते पाच मिनिटात समजते, ते खाली सांगतोच. पण कोणत्या लेयरची, म्हणजे कोणत्या थराची, कमी करायची हे खरं काम आहे. माझं सरळ मत असं आहे का बहुतेक पोस्टरमध्ये फोटोला हात लावायची गरजच नसते, फोटो अन् अक्षरं यांच्या मधात एक रंगाची पट्टी टाकायची आणि त्या पट्टीची ओपॅसिटी कमी करायची, बस.

कशात करायचं

फोटोशॉप असलं त बढिया, पण त्याला पैसे लागतात. नसलं त फोटोपी आहे, ते ब्राउझरमध्येच उघडते, इन्स्टॉल करा लागत नाही, फुकट आहे (बाजूला जाहिराती दिसतात, दिसू द्या) अन् दिसायला जवळपास फोटोशॉपसारखंच आहे, फोटोशॉपची पीएसडी फाईल पण उघडते. आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे फोटो तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, कुठं सर्व्हरवर चढत नाही, म्हणून नेट स्लो असलं तरी एकदा ते पान पूर्ण उघडलं की काम चालू राहते. तिसरं गिम्प, ते बी फुकट, पण इन्स्टॉल करा लागते आणि त्याचे मेन्यू थोडे वेगळे आहेत. खालच्या पायऱ्या मी फोटोशॉप-फोटोपी धरून लिहिल्या, गिम्प अन् मोबाईलचं शेवटाकडे वेगळं सांगतो.

लेयर अन् ओपॅसिटी, थोडक्यात

लेयर म्हणजे एकावर एक टाकलेल्या पन्न्या समजा. सगळ्यात खालच्या पन्नीवर फोटो, तिच्यावरच्या पन्नीवर रंग, वरच्या पन्नीवर अक्षरं, अन् आपण वरून पाहून राहिलो. ओपॅसिटी म्हणजे ती पन्नी किती जाड रंगाची आहे. १०० म्हणजे तिच्या खालचं काहीच दिसणार नाही, ० म्हणजे ती पन्नी असून नसल्यासारखी, ५० म्हणजे अर्धं तिचं अर्धं खालच्याचं. फोटोशॉपमध्ये लेयर १९९४ साली ३.० व्हर्जनमध्ये आले, त्याच्या आधी एकदा चिटकवलं की चिटकलं, नंतर सरकवायची सोय नव्हती. आता आहे त वापरा, सगळं एकाच लेयरवर कोंबू नका.

एक गोष्ट इथंच डोक्यात बसवा. ओपॅसिटी कमी केल्यानं लेयर "पांढरा" होत नाही, त्याच्या खाली जे आहे ते दिसायला लागते. खाली पांढरा लेयर असला त फोटो पांढरट होईल, काळा असला त काळपट होईल, अन् काहीच नसलं त करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतील. त्या चौकटी फोटोचा भाग नाही, "इथं काही नाही" एवढंच ते दाखवून राहिलं, त्या प्रिंटमध्ये येत नाही.

आता थोडा हिशोब, कंटाळा नका करू

समजा फोटोत गवळाऊ बैल आहे. आपल्या वर्ध्याकडची जात, अंग पांढरं. कॉम्प्युटरात उजेड ० ते २५५ असा मोजतात, ० म्हणजे काळा कुट्ट, २५५ म्हणजे पांढरा शुभ्र. बैलाचं अंग २३५ धरा, पोटाखालची सावली ३० धरा. अक्षरं पांढरी, म्हणजे २५५. आता पांढरी अक्षरं त्या बैलाच्या अंगावर आली की फरक राहिला फक्त २० चा, कशी दिसतील?

सगळे करतात तसं करून पाहू. खाली पांढरा लेयर, अन् फोटोची ओपॅसिटी ४०. बैलाचं अंग होते २३५ चे ४० टक्के म्हणजे ९४, अधिक पांढऱ्याचे ६० टक्के म्हणजे १५३, एकूण २४७. सावली होते १२ अधिक १५३, म्हणजे १६५. म्हणजे बैल आणखी पांढरा झाला, अक्षरांसोबतचा फरक २० वरून ८ वर आला, आणि वरून फोटोतला सगळा जीव गेला, आधी अंग अन् सावली यांच्यात २०५ चा फरक होता तो ८२ वर आला. अक्षरं काळी केली त वाचता येतील, मान्य आहे, पण मंग पूर्ण पोस्टर बिनामिठाच्या भाजीवानी.

आता दुसरं. फोटो १०० वरच राहू द्या. अक्षरांच्या जागेपुरती काळी पट्टी टाका, तिची ओपॅसिटी ६०. पट्टीखाली बैलाचं अंग होते २३५ चे ४० टक्के, ९४. सावली होते १२. काळा शून्य असते म्हणून वरून काही मिळत नाही. म्हणजे पट्टीखाली जे काही आहे ते सगळं १२ ते ९४ च्या मधात दबलं, त्याच्यावर २५५ वालं पांढरं अक्षर कुठंही ठेवा, दिसणारच. आणि पट्टीच्या बाहेर बैलाची शिंगं, बेगड, गोंडे सगळं जसंच्या तसं.

गंमत पाहा, पांढरी पट्टी ६० वर टाकणं अन् पांढऱ्यावर फोटो ४० ला करणं हिशोबानं अगदी एकच आहे. फरक एवढाच का पट्टी हवी तेवढ्याच जागेत टाकता येते अन् फोटो केला त पूर्ण जाते. म्हणूनच म्हणून राहिलो, फोटो नका फिका करू.

करायचं कसं

१. फोटो उघडा. उजव्या बाजूला लेयरचं पॅनेल दिसते, त्याच्यात खाली "बॅकग्राउंड" नावाचा लेयर असते अन् त्याला कुलूप लागलेलं असते. दिसत नसलं पॅनेल त वरच्या विंडो मेन्यूत जाऊन लेयर्सवर क्लिक करा, फोटोशॉपमध्ये एफ-७ पण चालते. कुलूप आता तसंच राहू द्या, आपल्याला फोटोला हात लावायचा नाही.

२. व्हॉट्सअॅपसाठी बनवून राहिले असाल त १०८० बाय १०८० पिक्सेल पुरते, फोटो तेवढा कापून घ्या. फ्लेक्ससाठी असलं त खाली वेगळं सांगितलं.

३. चौकोनाचं टूल घ्या, यू दाबलं की येते. यू मध्ये गोल, रेषा वगैरे पण असतात, म्हणून आयकॉनवर माऊस दाबून धरा अन् रेक्टँगल निवडा. वर शेप लिहिलेलं आहे का ते पाहा, पाथ किंवा पिक्सेल्स असलं त शेप करा, शेप असला म्हणजे नंतर पट्टी लहानमोठी करता येते, खराब होत नाही. रंग काळा घ्या, बाहेरची रेघ बंद. आता जिथं अक्षरं येणार तिथं ओढा. पट्टी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत घ्या, मधातच चौकोन सोडला त चिठ्ठी चिटकवल्यावानी दिसते.

४. लेयर पॅनेलमध्ये आता पट्टीचा लेयर फोटोच्या वर आला असेल. तोच निवडलेला आहे ना ते पाहा, निवडलेला लेयर वेगळ्या रंगात दिसते. हे पाहणं कंटाळवाणं वाटते पण ओपॅसिटीच्या अर्ध्या भानगडी चुकीचा लेयर निवडलेला असल्यानंच होतात.

५. पॅनेलच्या वरच्या भागात उजवीकडे ओपॅसिटी लिहून असते अन् समोर १००%. त्याच्या बाजूच्या बाणावर क्लिक केलं की आकडा कमी-जास्त करायचा स्लायडर येते, तो डावीकडे ओढत न्या अन् फोटोकडे पाहत राहा. किंवा आकड्यावर क्लिक करून ६० टाइप करा अन् एंटर. फोटोशॉपमध्ये ओपॅसिटी या शब्दावरच माऊस धरून डावी-उजवीकडे ओढलं तरी आकडा बदलते, मला हेच सोपं पडते. आकड्याच्या चौकटीत वरचा-खालचा बाण दाबला की एकेक टक्का सरकते, शिफ्ट धरून दाबला त दहा-दहा.

६. आता टी दाबून अक्षरं टाका. टेक्स्टचा लेयर पट्टीच्या वर पाहिजे, खाली गेला असेल त पॅनेलमध्ये पकडून वर ओढा. अक्षरांची ओपॅसिटी १०० च ठेवजा. काही जण अक्षरंच ८० ला करतात "सॉफ्ट" दिसते म्हणून, चौकातल्या बॅनरवर सॉफ्ट दिसून काय करता, मोटरसायकलवरून जाणाऱ्याला तारीख वाचता आली पाहिजे.

मराठीचं एक मधातच सांगून टाकतो. जुन्या फोटोशॉपात युनिकोड मराठी टाकली की वेलांट्या अन् जोडाक्षरं इकडंतिकडं पळतात, "स्पर्धा" चा रफार भलत्याच जागी जाऊन बसते. प्रेफरन्सेसमध्ये टाइपच्या पानावर मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असा पर्याय असते तो निवडा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा अन् नवीन फाईल घ्या.

आकडा किती ठेवायचा

पक्का आकडा कोणीच सांगू शकत नाही, फोटोवर आहे. माझी पद्धत अशी का ६० पासून सुरू करायचं अन् हळूहळू खाली यायचं, जिथं अक्षरं वाचायला डोळे बारीक करा लागले तिथून दहा वर जायचं. बहुतेक वेळा ५० ते ७० च्या मधात जमते. फोटोत लय गर्दी असली, म्हणजे पोळ्याच्या तोरणाखाली शंभर माणसं अन् वीस जोड्या असा फोटो असला, त ७० च्या वर जावं लागते. फोटोच मोकळा असला, आभाळ आहे, वावर आहे, त ३५-४० मध्ये बी काम होते.

तपासायचं कसं तेही सांगतो, दोन गोष्टी करा. पहिली, कंट्रोल अन् वजा दाबून फोटो छोटा करा, इतका छोटा का व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये स्क्रोल करताना दिसेल तेवढाच, अन् तेव्हा मुख्य ओळ वाचता येते का पाहा. दुसरी, जेपीजी करून मोबाईलवर घ्या, ब्राइटनेस निम्म्यावर आणा अन् अंगणात उन्हात जाऊन पाहा. आपल्याकडं उन्हाळ्यात ४५ डिग्रीचं ऊन पडते, पोस्टर पाहणारा माणूस पानठेल्यासमोर उन्हातच उभा असते, त्याला तुमच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरचा कॉन्ट्रास्ट मिळत नाही. उन्हात फोनवर तारीख वाचता आली त पट्टी बरोबर.

काळाच रंग पाहिजे असं काही नाही. गर्द हिरवा, गर्द जांभळा, झुलीतलाच गर्द लाल, काहीही घ्या, गर्द असलं म्हणजे झालं. फोटोतलाच रंग उचलला (आयड्रॉपर टूल, आय दाबा) अन् त्याला गर्द केला त पट्टी उपरी वाटत नाही. फक्त श्रद्धांजलीच्या बॅनरवर पट्टी काळी नका टाकू बाप्पा, गेलेल्या माणसाच्या तोंडाजवळ काळा पट्टा घरच्यांना आवडत नाही, तिथं पांढरी पट्टी ७० वर अन् गर्द निळी अक्षरं चांगली दिसतात. अन् माणसांच्या तोंडावर पट्टी जाऊच देऊ नका, कोणत्याच बॅनरवर. भाऊंचा फोटो फिका आला अन् दुसऱ्या भाऊंचा ठळक आला एवढ्यावरून गावात दोन पार्ट्या पडतात.

पट्टीचा काठ कापल्यासारखा दिसते त

हे थोडं पुढचं आहे पण शिकून घ्या, पोस्टर एकदम बदलून जाते. पट्टीची वरची कड सरळ रेघेसारखी दिसते, बैलाचे पाय गुडघ्यातून कापल्यासारखे. ती कड हळूहळू विरघळली पाहिजे. पूर्ण लेयरची ओपॅसिटी एकसारखीच कमी होते, पण लेयरला मास्क लावला की एका बाजूला १०० अन् दुसऱ्या बाजूला ० असं करता येते.

पट्टीचा लेयर निवडा. पॅनेलच्या सगळ्यात खाली आयकॉन असतात, त्यातला चौकोनात गोल असलेला दाबा, लेयरच्या चित्राच्या बाजूला एक पांढरा डब्बा येईल, तोच मास्क. मास्कचा नियम एकच, पांढरं असलं तिथं लेयर दिसते, काळं असलं तिथं लपते, करडं असलं तिथं अर्धवट. आता त्या पांढऱ्या डब्ब्यावर एकदा क्लिक करा, त्याच्याभोवती चौकट आली पाहिजे. ही चौकट आली नाही अन् तुम्ही रंग ओढला त तो मास्कवर पडत नाही, भलतीकडेच काहीतरी होते, तसं झालं की घाबरू नका, कंट्रोल-झेड दाबा अन् डब्ब्यावर पुन्हा क्लिक करा.

मंग डी दाबा, रंग काळा-पांढरा होतात. जी दाबा, ग्रेडियंट टूल येते (बादली आली त तिच्यावर माऊस दाबून धरून ग्रेडियंट निवडा), वर काळ्यातून पांढऱ्याकडे जाणारी सरळ छटा निवडलेली पाहिजे. आता फोटोवर, पट्टीच्या वरच्या काठापासून सुरू करून पट्टीच्या मधापर्यंत सरळ खाली ओढा, शिफ्ट धरून ओढलं म्हणजे तिरपं जात नाही. वरचा काठ विरून जाईल अन् खाली पट्टी आधीसारखी घट्ट. उलटं झालं, म्हणजे वर घट्ट अन् खाली गायब, त खालून वर ओढा. जितकं लांब ओढाल तितकं हळूहळू विरते. पहिल्यांदा जमलं नाही त पुन्हा ओढा, जुनं पुसायची गरज नाही, नवीन ओढलं की जुनं आपोआप जाते.

मास्क लावल्यावर पण ओपॅसिटीचा स्लायडर काम करतेच. मास्क सांगते कुठं किती, स्लायडर सगळ्यालाच वरखाली करते. म्हणजे आधी मास्क करून घ्या, मंग स्लायडरनं शेवटचा हात फिरवा.

काम का होऊन नाही राहिलं

ओपॅसिटीचा आकडा फिकट दिसते अन् हलतच नाही: कुलूपवाला बॅकग्राउंड लेयर निवडलेला आहे. फोटोलाच खरोखर फिकं करायचं असलं त त्या कुलपावर क्लिक करा, जुन्या व्हर्जनमध्ये लेयरवर डबल क्लिक करून ओके, लेयरचं नाव "लेयर ०" होते अन् स्लायडर सुरू. पण मंग त्याच्या खाली पांढरा लेयर टाकायला विसरू नका, नाहीत चौकटी दिसतील.

फोटोशॉपमध्ये कीबोर्डवरून ५ दाबलं की ओपॅसिटी ५०, ४ अन् ५ लागोपाठ दाबलं की ४५, ० दाबलं की १००. लय कामाची गोष्ट आहे, पण ब्रश हातात असताना दाबलं त ब्रशची ओपॅसिटी बदलते, लेयरची नाही, अन् नवीन माणूस अर्धा तास शोधत राहते का ब्रश असा फिका काहून चालून राहिला. आधी व्ही दाबून मूव्ह टूल घ्या, मंग आकडा दाबा. अन् अक्षरं टाइप करायचं चालूच असलं त ५ दाबल्यावर पोस्टरवर ५ च उमटेल, आधी कंट्रोल-एंटर करून टायपिंगमधून बाहेर या.

पट्टीचा रंग भलताच दिसून राहिला: ओपॅसिटीच्या बाजूलाच एक डब्बा असते, त्यात नॉर्मल लिहिलेलं पाहिजे. मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले असं काही असलं त रंग मिसळायची रीतच बदलते. त्या रीती शिकण्यासारख्या आहेत पण आज नाही, आज नॉर्मल.

दोन पट्ट्या एकमेकीवर चढल्या तिथं डाग पडला: साहजिक आहे. ५० ची पट्टी अर्धं झाकते, दुसरी ५० ची राहिलेल्या अर्ध्याचं अर्धं झाकते, म्हणून तिथं ७५ होते. (५० अधिक ५० म्हणजे १०० होत नाही, हे बऱ्याच जणांना पटत नाही, करून पाहा.) उपाय सोपा आहे, दोन्ही पट्ट्यांची ओपॅसिटी १०० करा, दोन्ही निवडून कंट्रोल-जी दाबा म्हणजे त्यांचा ग्रुप होते, अन् आता ग्रुपची ओपॅसिटी ५० करा. डाग गायब. पट्टीला चिटकून मंडळाच्या लोगोसाठी गोल केला असेल त हेच करा लागते.

ओपॅसिटीच्या खाली "फिल" नावाचा अजून एक स्लायडर दिसते. पट्टीवर दोन्ही सारखंच काम करतात म्हणून लोक गोंधळतात. फरक अक्षरांना बॉर्डर किंवा सावली दिली की समजते, ओपॅसिटी कमी केली त बॉर्डर पण जाते, फिल कमी केली त आतला रंग जाते अन् बॉर्डर राहते. फिल ० करून नुसती बॉर्डरची पोकळ अक्षरं करता येतात, कबड्डीच्या पोस्टरवर दिसतात तशी.

गिम्प, मोबाईल, अन् उलटे आकडे

गिम्पमध्ये ओपॅसिटीचा स्लायडर लेयर पॅनेलच्या वरच असते. मास्कसाठी लेयरवर राइट क्लिक करून अॅड लेयर मास्क, त्यात व्हाइट फुल ओपॅसिटी निवडा, बाकी ग्रेडियंटचं तेच. गिम्पमध्ये सेव्ह केलं त एक्ससीएफ फाईल होते, ती व्हॉट्सअॅपवर कोणाला उघडत नाही, जेपीजी पाहिजे त एक्सपोर्ट अॅज करा.

मोबाईलवर पिक्सआर्टसारख्या अॅपमध्ये पट्टी काढायचा जुगाड असा: गॅलरीत एक साधा काळा चौकोनाचा फोटो ठेवून द्या (अंधारात कॅमेऱ्यावर बोट ठेवून काढलेला बी चालते), पोस्टर उघडा, अॅड फोटो करून तो काळा फोटो वर घ्या, ताणून पट्टी करा, खाली ओपॅसिटी दिसते ती कमी करा, मंग अक्षरं. हिशोब तोच.

आता सगळ्यात जास्त घोळ कुठं होते ते. आपल्या इकडं तालुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानात बरेचदा कोरलड्रॉ चालते. कोरलड्रॉमध्ये ओपॅसिटी नाही, ट्रान्सपरन्सी लिहिलेली असते, अन् आकडा उलटा आहे, तिथं ० म्हणजे पूर्ण घट्ट अन् १०० म्हणजे पूर्ण गायब. वर्ड अन् पॉवरपॉइंटमध्ये पण असंच उलटं. म्हणजे तुम्ही दुकानवाल्याला फोनवर सांगितलं का "भाऊ पट्टी ७० ठेवा", त्यानं कोरलमध्ये ७० केलं, त पट्टी एकदम फिकी पडते, त्याची चूक नाही अन् तुमची बी नाही. त्याला ३० सांगा लागते. कॅनव्हा आणखी वेगळंच, तिथं नाव ट्रान्सपरन्सी आहे पण आकडा आपल्यासारखा, १०० म्हणजे घट्ट. म्हणून आकडा नका सांगू, "मागचा बैल थोडासा दिसला पाहिजे" असं सांगा अन् त्यानं पाठवलेला फोटो पाहून घ्या.

सेव्ह अन् प्रिंट

पीएसडी सेव्ह करून ठेवजा, त्यातच लेयर वेगळे राहतात. ग्रुपवर टाकायला जेपीजी. जेपीजीत पारदर्शकपणा राहत नाही, रिकामी जागा पांढरी होऊन जाते, म्हणून मंडळाचा लोगो बिनाबॅकग्राउंडचा पाहिजे असला त पीएनजी करा, अन् व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवला त मागची रिकामी जागा भरून येते, वरून क्वालिटी पण दबते.

सहा बाय चार फुटाचं फ्लेक्स असलं त ७२ रेझोल्युशनवर ५१८४ बाय ३४५६ पिक्सेल होतात. कॉम्प्युटर जुना असला अन् हँग होत असला त निम्म्या मापात काम करा, ओपॅसिटी टक्क्यात असते म्हणून माप बदलल्यानं ती बदलत नाही. फ्लेक्सवर फिक्या गोष्टी स्क्रीनपेक्षा आणखी फिक्या पडतात, १०-१५ ओपॅसिटीवर मागे टाकलेलं स्वस्तिक किंवा मंडळाचं चिन्ह प्रिंटमध्ये जवळपास दिसतच नाही, दिसायचंच असलं त २५ च्या वर ठेवा, अन् नसलंच दिसायचं त काढूनच टाका, फाईल हलकी होते.

प्रेसवाल्याला पीएसडी देऊ नका, त्याच्याकडं तुमचा फॉन्ट नसला त अक्षरं बदलून जातात. फाईलची वेगळी कॉपी करा, नाव बदला, त्या कॉपीत लेयर मेन्यूतून फ्लॅटन इमेज करा (सगळे लेयर मिळून एक होतात) अन् जेपीजी काढा, फोटोशॉप क्वालिटी विचारते तिथं १२. मूळ पीएसडी मात्र फ्लॅटन न करता तुमच्याजवळ पाहिजेच, कारण छापायच्या आदल्या रात्री प्रमुख पाहुणे बदलले असा फोन येते.